कुणाचीच नसलेली ताई

१

वंशावळी दाखवणाऱ्या त्या वेबसाइटचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. तीन खोल्या आणि एक अरुंद जिना. तक्रार घेऊन येणारी माणसं तो जिना दाणदाण वाजवत चढायची. पणजोबांचं नाव चुकलंय, काकांची दोन लग्नं कशी दाखवलीत, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत आम्हाला! नर्सबाईंच्या पावलांचा मात्र आवाजच आला नाही. शंकाताईनं मान वर केली तेव्हा त्या समोर उभ्या होत्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गेलेल्या माणसांचं कोण बघतं?"

शंकाताईचं काम कोड तपासण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठे फसेल, कुठे अडेल, हे आधीच हुडकून काढायचं. शंका काढण्याचाच पगार मिळतो म्हणून अख्खं ऑफिस तिला शंकाताई म्हणे. हा प्रश्न काही तिच्या कामात बसत नव्हता. तरी बाईंचा चेहरा बघून तिनं खुर्ची पुढे केली.

नर्सबाई निवृत्त झालेल्या, आयुष्यभर इस्पितळात काढलेल्या.  त्यांनी फोन पुढे धरला.

"हे आमच्या घराचं पान. ही माझी आई. तिच्या खाली आम्ही दोघं भावंडं. उजवीकडची मी. डावीकडे माझा मोठा भाऊ असायला हवा."

डावीकडे भाऊ नव्हता. तिथे एका मुलीचा काळा-पांढरा फोटो होता. आठ-नऊ वर्षांची असेल. केस कानापर्यंत कापलेले, अंगात फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. फोटोच्या कडेपलीकडून कुणीतरी हाक मारावी तशी तिची नजर बाहेर लागली होती. दुसऱ्या बाजूनं एका लहान मुलाचा हात तिच्या दंडाला घट्ट धरून होता. तो मुलगा मात्र फोटोत नव्हता. मनगटाशीच फोटो संपत होता.

खाली नाव लिहिलं होतं, 'ताई'. जन्मसाल साठेक वर्षांपूर्वीचं. आणि त्याखाली, 'मृत्यू: पाण्यात बुडून'.

"कोण ही?" शंकाताईनं विचारलं.

"तेच विचारायला आलेय. आमच्या घराण्यात अशी मुलगी झालीच नाही. आधी वाटलं, असेल काहीतरी गडबड. पण आईनं बघितलं हे. नव्वदीची आहे ती. कितीतरी वेळ फोन धरून बसली. मग म्हणाली, 'निरोप आला.' झालं, तेव्हापासून पोटात अन्नाचा कण नाही. तोंड फिरवून पडलीय."

"कसला निरोप?"

नर्सबाई काही बोलणार तोच टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक शिंपी होता. आवाज दाबून बोलत होता, जणू घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"बाई, माझ्या वडिलांच्या जागी एक लहान मुलगी दिसतेय. कुणीतरी तिचा दंड धरलाय बघा."

२

शंकाताईच्या मनात पाल चुकचुकली. एकाच्या घरात दुसऱ्याचं माणूस शिरलं तर ती चूक. पण तेच माणूस दोन घरांत, तेही एकमेकांना न ओळखणाऱ्या? ती तडक आतल्या खोलीत गेली.

आत सगळेच होते. सगळे म्हणजे चौघं. मालक, पन्नाशी उलटलेले, मऊ बोलणारे. जुने कागद आणि फोटो स्कॅन करणारे काका, वयानं सगळ्यांत वडील, सत्तरी पार केलेले. कोड लिहिणारा मौनीबाबा, तिशीतला, ज्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पक्कडच हवी. आणि पानांची चित्रं-रंगरंगोटी करणारी रंगुली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली.

शंकाताईनं मोठ्या स्क्रीनवर ते पान उघडलं. सगळे बघत राहिले.

"बाई गं!" रंगुली म्हणाली. "कुठे बघतेय ही? माझ्या तर अंगावर काटाच आला."

"होडी बघतेय," मालक म्हणाले. आणि लगेच, "ते पान बंद करा. उगाच चूक शोधत बसू नका, आणि कुणाला फोनही करू नका. मी बघतो."

ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या केबिनला दार आहे हे रंगुलीला त्या दिवशीच कळलं.

पण शंकाताईला गप्प बसवत नव्हतं. तिकडे एक म्हातारी जेवायची थांबली होती. तिनं काकांना गाठलं.

काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि फोटो अगदी जवळून बघितला. "माझ्या हातून हा गेलेला नाही. कड बघ. कात्रीनं कापलाय, आणि तोही जुन्या काळी. कापलेल्या जागी कागद पिवळा पडलाय. मी कुणाचा फोटो कापत नसतो. माणूस तोडल्यासारखं वाटतं."

"मुलगी ओळखीची?"

"छे. जन्मसाल बघ की. ही जन्मली तेव्हा मी शाळेत वर्गाच्या बाहेर अंगठे धरून उभा असायचो."

रंगुलीकडे वळल्यावर ती आधीच रडवेली झाली. कारणही होतं. लोकांनी चर्चा करावी असं काहीतरी साइटवर हवं, असं गेल्याच महिन्यात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

"चर्चा करावी म्हटलं होतं मी, किंचाळावं असं नव्हतं म्हटलं! माझ्या ताईची शपथ, मी नाही केलं."

"तुलाही ताई आहे?"

"आहे की. रोज दुपारी फोन करून डबा खाल्लास का विचारते. तिला विचारा हवं तर."

राहता राहिला मौनीबाबा. तो स्क्रीनवरून नजर न काढता बसला होता.

"तू काही बदललंस का एवढ्यात?"

"साफसफाई."

"कसली?"

"कोडची. चुका पकडायच्या दोन जाळ्या होत्या. एकावर एक. वरची माझी. खाली दुसरी आहेच, म्हणून माझी काढली."

"खालची कुणी लिहिली?"

"मी यायच्या आधीपासून आहे." त्याच्या मानानं हे भाषणच झालं. मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. "मुलगी माझी कुणी नाही. मी एकुलता एक. चुलतभावंडंही नाहीत."

शंकाताई आपल्या जागेवर आली. नर्सबाई अजून तिथेच, हातातल्या फोनकडे बघत बसलेल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती गेली."

शंकाताईनं वाकून बघितलं. फोटो नव्हता. नुसती रिकामी चौकट, आणि खाली ते नाव, 'ताई', नि ते 'पाण्यात बुडून'.

ह्या तीन खोल्यांतल्याच कुणीतरी, आत्ता, ह्या घटकेला, तो फोटो काढून घेतला होता.

३

नर्सबाईंना कसंबसं घरी पाठवून शंकाताई बसून राहिली. दुपार कलंडली होती. खालच्या दुकानात चष्मे घासायच्या यंत्राची बारीक किणकिण चालू होती. रोज ती ऐकूही यायची नाही, आज कानात घुसत होती.

मुलगी ह्या घरांतच का दिसते, हा खरा प्रश्न होता. साइटवर हजारो घरं होती. बाकीच्यांची काही तक्रार नव्हती. शंकाताईनं सहज म्हणून पाच-सहा घरांची पानं उघडून बघितली. पणजोबा, खापरपणजोबा, सगळे आपापल्या जागी गुमान बसलेले. मग कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून तिनं आपल्याच घराचं पान उघडलं. नोकरीला लागल्यावर प्रत्येकाला ते फुकट मिळे, आणि तिची आई आठवडाभर हौसेनं ते भरत बसली होती.

बाबांची बाजू ठीक. आत्या, काका, सगळे हजर. तिनं आईची बाजू उलगडली. आजोबा, आजी. त्यांच्या खाली आई. मोठी मावशी. आणि धाकट्या मामाच्या जागी...

रिकामी चौकट. 'ताई'. 'पाण्यात बुडून'.

 मामाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो शिकायला परदेशी गेला आणि तिथलाच झाला, एवढंच तिला ठाऊक. सणासमारंभाला कुणी त्याचं नाव काढलं तर आजी उठून स्वयंपाकघरात जायची. लहानपणी तिला वाटे, आजीला काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवलं.

तिनं आईला फोन लावला.

"आई, मामा कुठे असतो गं?"

"कुठला मामा?"

"मला किती मामा आहेत?"

 मागे चालू असलेला टीव्ही कुणीतरी बंद केल्याचा आवाज आला.

"परदेशात. सांगितलंय की तुला."

"कुठल्या गावी? पत्ता आहे? फोन? माझ्या लग्नाला साधी शुभेच्छाही नाही आली त्याची."

"तू कामावर आहेस ना? काम कर."

"आई, तू त्याचं पान भरलंस तेव्हा 'हयात' लिहिलंस की 'मृत'?"

 मग ती असं काही बोलली, की शंकाताई उठून उभीच राहिली.

"काहीच नाही लिहिलं मी. दोन्ही चौकोन तसेच ठेवले. काय लिहिणार होते? एका सकाळी तो घराबाहेर पडला आणि परत आला नाही, बाळा. आम्हाला आजवर माहीत नाही."

४

शंकाताईनं मालकांचा हुकूम मोडला आणि शिंप्याला फोन केला. तिनं फिरवाफिरव केली नाही. सरळ विचारलं, "वडील कधी गेले तुमचे?"

"गेले कुठे?" शिंपी म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं. "म्हणजे गेले, पण... कामावर जातो म्हणून निघाले. मी कडेवर होतो आईच्या. पुढचं कुणालाच ठाऊक नाही. आई कुंकू लावत राहिली, लोक नावं ठेवत राहिले."

नर्सबाईंना फोन केला तर त्यांनी दीर्घ सुस्कारा सोडला.

"दादा घरातून भांडून गेला. आईशीच भांडण झालं होतं. तेव्हापासून ती वाट बघतेय. आम्ही घर बदललं नाही, दाराचा रंगसुद्धा बदलू देत नाही ती. म्हणे, त्याला ओळखू यायला नको? आता ह्या मुलीच्या नावाखाली 'बुडून' वाचलं आणि तिनं ठरवून टाकलं. दादाच्या जागी बसून ही पोरगी सांगतेय म्हणे, तो बुडाला."

शंकाताईनं फोन ठेवला. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण ज्या ज्या घरातून माणूस हरवलं, नेमकं त्या त्या घरात त्या हरवलेल्याच्या जागी येऊन बसणारी एक बुडालेली मुलगी, असं कुणी सांगितलं असतं तर तिनंही त्या रात्री दिवा मालवला नसता.

तिनं मौनीबाबाची खुर्ची धरून आपल्याकडे वळवली.

"ऐक. माणूस हयातही नाही नि मृतही नाही, दोन्ही चौकोन रिकामे. असं पान दाखवायला गेलो तर तुझा कोड काय करतो?"

मौनीबाबानं विचार केला. "अडतो. मृत असेल तर तारीख मागतो. हयात असेल तर वय काढतो. दोन्ही नसेल तर... एरर."

"आणि एरर आली की?"

"माझी जाळी ती पकडायची. राखाडी आकृती दाखवायची, खाली 'माहिती नाही'."

"ती जाळी तू काढलीस."

"खाली दुसरी आहे म्हणून." एव्हाना त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं भराभर फायली उघडल्या. अगदी तळाशी, कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेला एक तुकडा होता. जेमतेम चार ओळी. दोघांनी वाचल्या.

एरर आली की ती कुणाला कळवायची नाही, कुठे नोंदवायची नाही, पान कोरंही ठेवायचं नाही. गुपचूप गिळायची. आणि त्या जागी नोंदींच्या साठ्यातलं सगळ्यात पहिलं माणूस उचलून दाखवायचं.

"काय हा प्रकार!" मौनीबाबा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून बोलत सुटला. "चूक झाली तर झाली म्हणून सांगावं ना. असं कुणाचंही माणूस कुणाच्याही घरात बसवायचं? ह्यापेक्षा साइट बंद पडलेली परवडली."

"पहिलं माणूस म्हणजे ही मुलगी."

"हो."

"वंशावळ भरायला बसलं की माणूस पहिल्यांदा कुणाला भरतं?"

"स्वतःला."

"मग ज्यानं ह्या साइटवरचं सगळ्यात पहिलं माणूस भरलं, त्यानं स्वतःला सोडून हिला का भरलं?"

 त्याच क्षणी केबिनचं दार उघडलं. मालक चौकटीत उभे होते. त्यांच्या हातात ऑफिसची किल्ली होती.

"आज लवकर बंद करू या," ते म्हणाले. "सगळ्यांनी घरी जा."

५

काका, रंगुली, मौनीबाबा निघून गेले. शंकाताई उठली नाही.

"तुम्हीही जा," मालक म्हणाले.

"जाते. फक्त एक शंका आहे. ती काढण्याचाच तुम्ही मला पगार देता."

 खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. शंकाताई बोलू लागली. आवाज चढवला नाही, घाई केली नाही.

"त्या मुलीच्या नावाच्या जागी नाव नाही, 'ताई' लिहिलंय. आधी मला वाटलं, चाचणीपुरतं ठोकलेलं खोटं नाव असेल. पण खोटं नाव घालायचं तर माणूस काहीही घालतो. ताई कुणी घालत नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीला ताई म्हणणार कोण? आईबाप लाडानं म्हणतील, पण नोंद करताना नावच लिहितील. शेजारीपाजारी बाळ म्हणतील, पोरी म्हणतील. नऊ वर्षांच्या पोरीला ताई म्हणणारं जगात एकच माणूस असतं. तिच्या पाठचं भावंड."

मालकांनी खुर्चीची पाठ धरली.

"जन्मसाल बघितलं. ती आज असती तर साठीची असती. म्हणजे तिच्या पाठचा आज पन्नाशीच्या पुढे. काका तिच्याहून थोरले, ते ताई म्हणणार नाहीत. रंगुलीची ताई रोज दुपारी फोन करते. मौनीबाबाला भावंडच नाही. शिवाय तळाचा तो कोड त्याच्या आधीचा. तेव्हा ह्या ऑफिसात कोण होतं? तुम्ही एकटे."

"पुरावा नाही हा," मालक म्हणाले, पण ते हरलेल्या माणसासारखं.

"नाही. पण सकाळी रंगुलीनं विचारलं, कुठे बघतेय ही. तुम्ही म्हणालात, होडी बघतेय. फोटोत होडी नाही हो. पाणीसुद्धा नाही. होडी कात्रीनं कापलेल्या भागाच्या पलीकडे असणार. ती दिसली फक्त त्यालाच, जो त्या दिवशी तिचा दंड धरून उभा होता."

मालक खाली बसले. बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"मी सहाचा होतो," ते म्हणाले. "नावेच्या धक्क्यावर गर्दी होती. फोटोवाला बसला होता, बाबांनी आमचा फोटो काढवला. तासाभरानं ताई दिसेना. दोन दिवस शोधलं. माणसं पाण्यात उतरली, काही सापडलं नाही. मग घरात मोठ्यांनी बसून ठरवलं, बुडाली."

"ठरवलं?"

"कुणीतरी उचलून नेली म्हणायची कुणाची छाती होती? बुडाली म्हटलं की प्रश्न मिटतो, दार लावून झोपता येतं. आईनं तो फोटो कापला, होडी नको म्हणून, आणि मी नको म्हणून. मी दिसलो की तिला ताई आठवायची. मोठेपणी मी हे सगळं उभं केलं ते तिच्याचसाठी. पहिली तिला भरली. चौकोन दोनच ठेवले. 'माहीत नाही' असा तिसरा चौकोन ठेवायला बोटं उचलेनात. मृत केलं, बुडून लिहिलं. आणि रिकामी जागा मला सहन व्हायची नाही. कुणाचं पान कोरं दिसलं की धक्क्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. म्हणून सांगितलं कोडला, काही सापडलं नाही तर पहिलं माणूस दाखव. तेव्हा साइटवर आमचंच घर होतं हो. आमच्या घरात ताई दिसली तर कुणाचं काय बिघडणार होतं? नंतर विसरून गेलो. आज सकाळी बघितली आणि वाटलं, ती घरोघरी हिंडून मला शोधतेय. फोटो मीच काढला. हिंमत झाली नाही तिच्याकडे बघायची."

खाली यंत्राची किणकिण थांबली होती. शंकाताईला वाटलं होतं, कोडं सुटलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"तुमच्या त्या चार ओळींनी एका म्हातारीला सांगितलंय की तिचा मुलगा बुडाला," ती म्हणाली. "ती जेवत नाही. हे तुम्ही जाऊन सांगायला हवं. मी नाही."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनीबाबानं तळाचा तो तुकडा उपटून टाकला. शंकाताईनं त्याच्या शेजारी बसून प्रत्येक शब्द तपासला. तिसरा चौकोन आला, 'माहीत नाही' असा. साठ्यापर्यंत पोचताच आलं नाही, तर पान तसं स्पष्ट सांगणार होतं: 'आत्ता माहिती आणता आली नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघा.' आणि कुठलीही एरर आली तरी ती आधी मौनीबाबाच्या स्क्रीनवर येऊन ओरडणार होती.

"नाही म्हणणं वेगळं, माहीत नाही म्हणणं वेगळं, आणि आत्ता सांगता येत नाही म्हणणं वेगळं," शंकाताई म्हणाली. "तिन्हींची खिचडी केली की असं होतं."

मौनीबाबानं मान हलवली. त्याचा शब्दांचा साठा आदल्या दिवशीच संपला होता.

मग ती मालकांना घेऊन नर्सबाईंच्या घरी गेली.  दारावरचा निळा रंग पार विटला होता, जागोजागी पोपडे आलेले. नर्सबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या.

आजी खिडकीजवळच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चादरीखाली काही आहे असं वाटू नये इतकं लहान अंग. मालक खुर्चीवर न बसता पलंगाशेजारी जमिनीवरच बसले.

"आजी, ती वेबसाइट माझी आहे. तुम्ही जे बघितलं ते खोटं होतं. ती मुलगी काही निरोप घेऊन आली नव्हती. तुमच्या मुलाचं काय झालं हे आमच्या यंत्राला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. म्हणून त्यानं भलतंच काहीतरी दाखवलं."

 नर्सबाईंनी शंकाताईकडे बघितलं. मग भिंतीकडूनच आवाज आला, कोरडा, पण ठणठणीत.

"माहीत नाही म्हणायला काय जात होतं रे?"

मालकांनी खाली मान घातली.

आजी सावकाश कुशीवर वळल्या. त्यांनी मालकांचा चेहरा निरखून बघितला, भाजीवाल्याकडचं नाणं खरं की खोटं पारखावं तसा.

"मग ती पोरगी कोण? खोटी कशी असेल? मी बघितली ना डोळ्यांनी. कुणाची तरी होतीच."

"माझी," मालक म्हणाले. "माझी ताई."

"बुडाली?"

  मालकांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले. इतकी वर्षं एकच उत्तर पाठ होतं त्यांना. आत्ताही ते ओठांवर आलं असणार.

"माहीत नाही," ते म्हणाले. आणि मग सहा वर्षांच्या मुलासारखे, तोंड न झाकता, ढसाढसा रडले.

आजींनी त्यांना रडू दिलं. गप्प हो म्हणाल्या नाहीत की पाठीवरून हात फिरवला नाही. पोरगी कशी दिसायची, काय खायची, तुला मारायची का, असं एकेक विचारत राहिल्या. मालक डोळे पुसत सांगत राहिले. ताई त्यांच्या वाटणीचं दूध पिऊन टाकायची आणि आईला सांगायची, ह्यानंच पिलं. झोपेत बोलायची. अंधाराला घाबरायची, पण भाऊ सोबत असला की नाही म्हणायची. शंकाताईला वाटलं, ह्यातलं काहीच त्या पानावर नव्हतं.

ऐकता ऐकता आजी कोपरावर रेलून उठून बसल्या. नर्सबाई धावल्या, पण त्यांनी हातानंच थांबवलं.

"दादा येईल तेव्हा येईल," त्या लेकीला म्हणाल्या. "नाहीतर नाही येणार. पण तो यायच्या आधी मी उपाशी मेले तर दार कोण उघडणार? ताट वाढ."

नर्सबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघराकडे वळल्या.

"आणि ह्यालाही वाढ," आजी मालकांकडे बोट करून म्हणाल्या. "बसायचंय त्याला अजून. पोरीचं अर्धंसुद्धा सांगून झालं नाही त्याचं."